घोडा तोच, स्वार वेगळा

एका चित्रापाशी मी गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा जाते. उमदा घोडा, त्याच्यावर पायापासून गळ्यापर्यंत चिलखत घातलेला स्वार, शेजारून चालणारा सेवक. चिलखताच्या पत्र्यावर उजेड असा पडलाय की बोटाने ठोकलं तर खण्ण वाजेल असं वाटतं. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त स्वाराला डोकं नाही. गळ्यापाशी रेषा थांबतात आणि त्यांच्यावर उरतो नुसता कोरा कागद.

हे खोदचित्र पिएर लोंबारचं. हा फ्रेंच कारागीर सतराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये काम करत होता. रचना मात्र त्याची नव्हे, चित्रकार व्हॅन डाइकची. १६३३ साली व्हॅन डाइकने इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं घोड्यावरचं भलंमोठं चित्र रंगवलं होतं. राजा हातात सेनापतीचा दंड घेऊन कमानीतून थेट आपल्या दिशेने येतोय आणि त्याचा अश्वविद्येचा गुरू बाजूला उभा राहून, राजाचं शिरस्त्राण सांभाळत, वर त्याच्याकडे बघतोय. लोंबारने तोच थाट तांब्यावर उतरवला आणि घोड्यावर बसवला ऑलिव्हर क्रॉमवेल! ज्याने त्याच चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आदेशावर सही केली होती आणि पुढे राजाविना इंग्लंडवर सत्ता चालवली तो. पुढे याच प्लेटवर फ्रान्सचा चौदावा लुई बसला. आणि शेवटी ज्याच्यासाठी हा थाट मुळात मांडला होता तो चार्ल्सही आपल्या घोड्यावर परत आला. घोडा तोच, चिलखत तेच, सेवकाची नजर तीच. मानेवरचं डोकं तेवढं बदलत गेलं. आणि त्या फेरबदलांमधला एक ठसा असा आहे, ज्यात मानेवर कुणीच नाही.

चार्ल्सचा शिरच्छेद झाला ३० जानेवारी १६४९ रोजी. क्रॉमवेल १६५८ मध्ये आजारपणाने गेला, पण राजेशाही परतल्यावर १६६१ साली, नेमक्या त्याच तारखेला, त्याचं प्रेत उकरून काढून त्याचंही मुंडकं उडवण्यात आलं. म्हणजे या प्लेटवर बसलेल्या तिघांपैकी दोघांची डोकी खरोखरच धडावेगळी झाली. हे कळल्यापासून तो कोरा कागद मला नुसता कोरा दिसत नाही.

पण मला या चित्रापाशी धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोकं नसूनही मला क्षणभर कसलाही गोंधळ झाला नाही. हा कुणीतरी सत्ताधीश आहे, याच्यासमोर माणसं वाकतात, याचा शब्द झेलला जातो, हे सगळं डोळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. कोण आहे हे माहीत नसताना! माझ्या मनाने चेहऱ्याची वाटच पाहिली नव्हती. तेव्हापासून जुन्या राजेरजवाड्यांची, सरदारांची, धर्मगुरूंची खोदचित्रं पाहताना मी आधी चेहरा हाताने झाकते आणि उरलेलं चित्र वाचते.

*

हे काम कसं होतं ते थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. तांब्याची गुळगुळीत घासलेली प्लेट घ्यायची. ब्युरिन नावाचं, तिरप्या टोकाचं पोलादी हत्यार असतं. त्याची लाकडी मूठ तळहातात रुतवून, पुढे रेटत रेष खोदायची. तांब्याची बारीक तार वेटोळं होऊन वर येते. मग त्या चरांमध्ये शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि सगळं दाबयंत्रातून काढायचं. चरातली शाई कागद ओढून घेतो. प्लेटवर जे उजवीकडे, ते कागदावर डावीकडे जातं. त्यामुळे राजाची तलवार भलत्या हातात जाऊ नये म्हणून कारागिराला मूळ चित्र आरशात बघून उलटं कोरावं लागे.

एका कार्यशाळेत मी हे चार दिवस करून पाहिलं. तोवर मला वाटायचं की चित्र काढताना फिरतो तसा हात इथेही फिरत असेल. हात फिरत नाही. प्लेट फिरते. वाळू भरलेल्या चामड्याच्या गोल उशीवर प्लेट ठेवतात, उजव्या हातातला ब्युरिन जवळजवळ स्थिर राहतो आणि डाव्या हाताने प्लेट त्याच्याखाली वळवत न्यायची. गालाची गोलाई, केसाची बट, घोड्याच्या मानेचा बाक, सगळं असं तांबं वळवून येतं. दाब वाढवला की रेष जाड, कमी केला की बारीक. मी एक डोळा कोरायला घेतला होता. पापणीची रेष वळवताना टोक सटकलं आणि बुबुळाच्या आरपार चर गेला. शिकवणाऱ्यांनी शांतपणे प्लेट हातात घेतली आणि चूक कशी पुसतात ते दाखवलं. आधी तीन धारांच्या पोलादी चाकूने तो भाग खरवडायचा. मग गुळगुळीत पोलादाने घोटायचा. तरी तिथे खळगा राहतो, त्यात शाई साचते. म्हणून प्लेट पालथी करून, खळग्याच्या नेमक्या मागच्या बाजूला हलक्या हातोडीने ठोकत तांबं वर आणायचं. एक डोळा पुसायला मला पाऊण दिवस लागला.

तो पाऊण दिवस खाली मान घालून घोटत बसले होते तेव्हा लोंबारची प्लेट मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळली. डोकं पुसायचं काम कष्टाचं, पण घोडा पुन्हा कोरायचा म्हणजे महिनोन् महिने. चिलखताचा एकेक सांधा, आयाळ, घोड्याचं अंग, मागचं आभाळ, हे प्लेटमधलं खरं भांडवल. चेहरा त्या मानाने लहानसा तुकडा. राज्य बदललं, गिऱ्हाईक बदललं, की तेवढा तुकडा बदलून प्लेट पुन्हा बाजारात आणता येत होती. सत्तेची जागा आणि सत्तेवरचा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं राज्यशास्त्र सांगतं. छापखान्यातल्या माणसांना ते हातोडी मारता मारता माहीत होतं.

*

या खुणा वाचायला मी शिकले ती मुख्यतः चौदाव्या लुईच्या एका चित्रावरून. १७०१ साली इयासिंत रिगोने ते रंगवलं. लुईचा नातू स्पेनच्या गादीवर बसला होता, त्याला पाठवण्यासाठी. पण लुईला ते इतकं आवडलं की मूळ चित्र त्याने स्वतःजवळच ठेवून घेतलं. महालाच्या भिंतीवर ते बघणारे कितीसे असणार? पिएर द्रव्हेने पुढे ते तांब्यावर कोरलं आणि मग ते कागदावरून सगळीकडे गेलं.

चेहरा झाकून बघा. मागे जाडजूड खांब, त्याच्या तळाशी न्यायदेवता कोरलेली. वरून नाटकातल्यासारखा जडशीळ पडदा सोडलेला. कमरेला राज्याभिषेकाची तलवार, जी मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची म्हणून मानली जाई. अंगावर फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुलं विणलेला मखमली झगा, जमिनीवर लोळणारा. तो मुद्दाम एका खांद्यावरून मागे टाकलाय, कारण त्याखालचे पाय दिसायला हवेत. साठी ओलांडलेल्या या माणसाचे पाय नर्तकासारखे पवित्र्यात उभे आहेत. तरुणपणी तो दरबारी नृत्यनाट्यांत नाचायचा. १६५३ च्या अशाच एका नृत्यनाट्यात त्याने सूर्याचं सोंग घेतलं होतं आणि ‘सूर्यराजा’ हे बिरुद जन्मभर चिकटलं. राजदंड त्याने उलटा धरलाय. टोक खाली टेकवलेलं, हात वर सैल ठेवलेला, फिरायला निघालेला माणूस काठी टेकून क्षणभर थांबतो तसा. आणि मुकुट? मुकुट डोक्यावर नाहीच. तो बाजूला उशीवर ठेवलाय, त्याच्याजवळ टोकाला हस्तिदंती हात बसवलेला न्यायदंड.

या बाजूला ठेवलेल्या मुकुटाने मला फार विचार करायला लावलं. युरोपातल्या राजांच्या खोदचित्रांमध्ये तो पुष्कळदा असाच असतो, मेजावर, उशीवर, हाताच्या अंतरावर. मला त्यात सत्तेची सगळ्यात मोठी खात्री दिसते. मुकुट घालून बसलेला राजा आपल्याला सांगतो की मी राजा आहे. मुकुट काढून ठेवलेला राजा काहीच सांगत नाही, सांगण्याची गरजच उरलेली नसते. तो मुकुटाकडे बघतही नाही. बघायचं काम आपलं.

आता त्या झग्याच्या अस्तराकडे या. इथे मी भिंग घेऊन तासन् तास घालवले आहेत. अस्तर आहे अर्मिनचं. स्टोट नावाच्या, मुंगसाहून लहान, चपळ प्राण्याची कातडी हिवाळ्यात पांढरीशुभ्र होते, शेपटीचा शेंडा मात्र काळाच राहतो. अशा कितीतरी कातड्या जोडून एक झगा तयार व्हायचा. पांढऱ्यावर मधेमधे काळे शेंडे, हीच राजेपणाची ओळख. आणि खोदचित्रात हे पांढरं येतं कुठून? पांढरी शाई नसतेच. कारागीर तिथे हात आवरता घेतो. घडीच्या सावलीपुरत्या चार रेषा, शेंड्यांचे काळे फटकारे आणि बाकी सगळा उघडा कागद. चित्रातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे चित्रात सगळ्यात कमी खोदलेली जागा. लुईच्या अंगावरचं ते राजवैभव आणि लोंबारच्या स्वाराच्या मानेवरची ती पोकळी, दोन्ही एकाच वस्तूची बनलेली आहेत, न छापलेल्या कागदाची. हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी भिंग खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

रंगांचंही असंच. काळ्या शाईत निळं आणि तांबडं कसं दाखवायचं? घराण्यांच्या ढालींवर तर रंगच सगळं सांगतो. रंग चुकला तर घराणं चुकलं. त्यावर रेषांची एक भाषा तयार झाली. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या १६३८ च्या ग्रंथामुळे ती पक्की रुजली. उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. व्यक्तिचित्राखाली अंगठ्याएवढी ढाल असते तिथे भिंग लावलं की त्या करड्या कागदातून रंग उमलायला लागतात. एकदा सवय झाली की सुटत नाही.

*

याच लुईच्या काळात एक कारागीर असा झाला की ज्याने हा सगळा पसारा जवळजवळ बाहेर काढला. रोबेर नांतय. तो राजाला प्रत्यक्ष समोर बसवून चेहरा काढायचा आणि मग तो तांब्यावर आणायचा. त्याच्या चित्रांत लंबगोल चौकट, खाली नाव, एखादी ढाल आणि बाकी फक्त खांद्यापासून वरचा माणूस. खांब नाही, पडदा नाही, घोडा नाही. ओठांच्या कोपऱ्यातला ओलसरपणा, डोळ्याखालची थकलेली त्वचा, हे सगळं बारीक बारीक टिंबा-रेषांत. नांतयसमोर मी चेहरा झाकू शकत नाही, झाकला तर काही उरतच नाही. मला ही त्या काळातली सगळ्यात धीट व्यक्तिचित्रं वाटतात. १६६० साली, स्वतःच्या लग्नासाठी स्पेनच्या सीमेवर गेलेल्या लुईने सँ-जाँ-द-ल्यूझ या गावी एक आदेश काढला आणि खोदकामाला मुक्त कलेचा दर्जा दिला. कारागीर-संघांच्या बंधनातून ही माणसं सुटली. ज्यांच्या हातांवर राजाचा थाट उभा होता, त्यांना राजाने मान दिला, एवढं तरी त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

मुकुट बाजूला ठेवण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो पाहून गलबलतं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि लगोलग त्याच्या नावाने एक पुस्तक लोकांच्या हाती पडलं, ‘आयकॉन बॅसिलिकी’, म्हणजे राजाची प्रतिमा. त्याच्या आरंभी विल्यम मार्शलचं खोदचित्र आहे. राजा गुडघ्यावर बसलाय. सोन्याचा मुकुट जमिनीवर, पायापाशी पडलाय. हातात त्याने काट्यांचा मुकुट घेतलाय आणि नजर आहे वर, प्रकाशात तरंगणाऱ्या तिसऱ्या मुकुटाकडे. मागे वादळात न हलणारा खडक आणि वजनं टांगूनही ताठ राहिलेलं ताडाचं झाड. कारागिरी म्हणाल तर बेताचीच. द्रव्हेच्या शेजारी ठेवली तर ओबडधोबड. पण पहिल्या वर्षातच या पुस्तकाच्या डझनावारी आवृत्त्या निघाल्या. संसदेला उत्तर देणं भाग पडलं आणि ते काम कवी मिल्टनवर आलं. त्याने आपल्या पुस्तकाला नावच दिलं ‘मूर्तिभंजक’. मिल्टनसारखा माणूस लेखणी घेऊन उभा राहिला तरी त्या गुडघे टेकलेल्या राजाची छाप लोकांच्या मनावरून पुसली गेली नाही. जिवंतपणी चार्ल्सला घोडा, चिलखत आणि कमान जे देऊ शकली नाहीत ते एका काट्यांच्या मुकुटाने दिलं. या चित्रात राजा सगळ्या खुणा टाकून देतो आणि त्या टाकून देण्याचीच खूण होते.

खांबांची गोष्ट मात्र थोडक्यात सांगते. सम्राट पाचव्या चार्ल्सने हर्क्युलिसचे दोन खांब आपलं चिन्ह म्हणून घेतले होते. पुढे १५९६ साली क्रिस्पेन द पासने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला दोन खांबांमध्ये उभं केलं. एका खांबावर पिलांना स्वतःचं रक्त पाजणारा पेलिकन, दुसऱ्यावर राखेतून उठणारा फिनिक्स. १६५८ मध्ये विल्यम फेथॉर्नने क्रॉमवेललाही दोन खांबांमध्येच उभं केलं, हातात नागवी तलवार, पायाखाली तुडवलेले शत्रू. आणि तीसेक वर्षांनी त्या प्लेटवरच्या क्रॉमवेलच्या जागी तिसऱ्या विल्यम राजाचं डोकं आलं. इथेही तेच! राजा नको म्हणून लढलेल्या माणसाचं धड, त्यावर राजाचं डोकं, आणि पाहणाऱ्यांना त्यात वावगं वाटलं नसावं.

*

या खुणा कागदावरून किती लांब गेल्या! १५८० साली जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात आले ते अँटवर्पला छापलेलं, खोदचित्रांचं बायबल भेट घेऊन. दरबारी चितारी ती चित्रं गिरवू लागले आणि युरोपातल्या संतांची प्रभावळ, पंखांची बाळं, पायाखालचा पृथ्वीचा गोल हे सगळं मुघल बादशहाच्या सेवेला आलं. बिचित्रने रंगवलेल्या एका चित्रात जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय, डोक्यामागे सूर्यचंद्राचं भलंमोठं तेजोवलय, आणि तो एका सूफी शेखला ग्रंथ देतोय. खाली कोपऱ्यात मान मिळण्याची वाट बघत ताटकळणाऱ्यांमध्ये इंग्लंडचा पहिला जेम्स राजा उभा आहे! त्याचा चेहरा इंग्लंडहून आलेल्या चित्रावरूनच घेतलेला. लंडनला जो चौकटीच्या मधोमध होता तो इथे कोपऱ्यात गेला. चेहरा तोच होता, जागा बदलली.

उलट दिशेनेही कागद गेला. हिंदुस्थानातली लघुचित्रं डच व्यापाऱ्यांबरोबर हॉलंडला पोचली. त्यांवरून तिथल्या कारागिरांनी तांब्यावर चेहरे कोरले आणि फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४ ते १७२६ या काळात निघालेल्या प्रचंड ग्रंथात ते छापले गेले. त्यांत शिवाजी महाराजही होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी ते चित्र शोधून आपल्यासमोर ठेवलं तोवर आपल्याकडे भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा माझ्या पोटात तुटतं. ज्या लोकांनी महाराजांना देव्हाऱ्यात बसवलं ते हात जोडून दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यासमोर उभे होते. भक्ती खरी होती, खुणा ओळखीच्या वाटत होत्या, आणि चेहरा परका होता. लोंबारचा घोडेस्वार मला दूरदेशीची गोष्ट वाटत नाही तो यामुळे.

अब्राम बॉसने १६५१ साली राजकीय तत्त्वज्ञ हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ ग्रंथासाठी जे कोरलं तेही इथेच आठवतं. डोंगराआडून कमरेपर्यंत वर आलेला अवाढव्य राजा, एका हातात तलवार, दुसऱ्यात धर्मगुरूचा दंड. जवळ जावं तर त्याचं चिलखत खवल्यांचं नसून माणसांचं आहे. तीनशेहून अधिक माणसं, दाटीवाटीने, सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे आणि तोंडं वर, त्या एका चेहऱ्याकडे. राजाचं धड म्हणजे आपणच, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी कोरलेलं मी पाहिलेलं नाही.

*

आणि मग १७९२ येतं.

सोळावा लुई गादीवर आला त्या सुमाराचं, १७७५ मधलं, ब्वाझोच्या चित्रावरचं एक खोदचित्र आहे. तरुण, गुबगुबीत, सौम्य चेहऱ्याचा राजा. २० जून १७९२ रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसचा जमाव तुइलरी राजवाड्यात घुसला आणि राजाला स्वातंत्र्याची तांबडी टोपी घालायला लावली. त्यानंतर कुणीतरी ते सतरा वर्षांपूर्वीचं चित्र घेतलं आणि राजाच्या डोक्यावर ती टोपी कोरून बसवली. खालचा मजकूर बदलला. चेहरा तसाच ठेवला.

लोंबारच्या प्लेटवर खुणा कायम राहिल्या आणि डोकी बदलली. इथे डोकं कायम राहिलं आणि खूण बदलली. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पाहते तेव्हा टोपी घातलेला लुई मला जास्त अस्वस्थ करतो. त्याचे डोळे १७७५ चेच आहेत. आपल्या डोक्यावर काय आलंय हे त्या डोळ्यांना ठाऊक नाही. टोपीच्या कडेखालून ते तसेच निवांत, जरा कंटाळल्यासारखे, कोपऱ्यात कुठेतरी बघतात. त्या अजाण नजरेसाठी जीव तुटतो, आणि ज्या भुकेल्या माणसांनी ती टोपी पुढे केली त्यांच्यासाठीही.

२१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्या वर्षी विलनव्हने कोरलेलं चित्र आहे, त्यात फक्त एक हात आणि त्या हाताने केसांना धरून उचललेलं लुईचं डोकं. चौकटीला खांब नाही, पडदा नाही, ढाल नाही. मथळ्यात जगातल्या मुकुटधारी गारुड्यांना म्हटलंय की विचार करा. ते मी एकदाच नीट पाहिलं. लोंबारच्या प्लेटवर धड होतं, इथे नुसतं डोकं. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत ते दोन तुकडे कागदावर एकमेकांना शोधत फिरत होते असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी पान उलटलं.

गादी फार काळ रिकामी राहिली नाही. १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला तेव्हा लिलीची फुलं वापरायची सोय नव्हती, ती जुन्या घराण्याची. मग लिलींहूनही जुनं काहीतरी हवं होतं. १६५३ साली तुर्ने इथे एक कबर सापडली होती, ४८१ च्या सुमारास वारलेल्या चिल्डरिक राजाची, आणि तिच्यात सोन्याच्या, तांबड्या रत्नांच्या पंखांच्या शेकडो लहान लहान माश्या. शिफ्ले नावाच्या वैद्याने १६५५ मध्ये त्या सगळ्या वस्तूंवर सचित्र ग्रंथ काढला. दीडशे वर्षांनी त्या माश्या नेपोलियनच्या झग्यावर जाऊन बसल्या. जेरारच्या चित्रावरून देन्वायेने १८०८ साली कोरलेल्या खोदचित्रात पाहा. खांब नाही तर सिंहासन, पण झगा तोच, अर्मिन तेच, उशी तीच, तिच्यावर तोच न्यायदंड. फुलांच्या जागी मधमाश्या. १८३१ मध्ये चिल्डरिकचा खजिना चोरीला गेला आणि बहुतेक सोनं वितळवलं गेलं. खऱ्या माश्यांपैकी आज दोनच उरल्या आहेत. बाकीच्या आता फक्त शिफ्लेच्या पानांवर दिसतात, शाईत.

कार्यशाळेतली माझी ती तांब्याची प्लेट अजून माझ्या मेजाच्या खणात आहे. डोळा मी नंतर पुन्हा कोरला, तो बरा आला. ठसा काढला तर कागदावर काही कळत नाही. पण प्लेट खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरली की पापणीखाली एक उथळ खळगी दिसते, आणि पालथी केली की हातोडीच्या खुणा. अंगठा फिरवला तर तिथे तो किंचित खाली जातो. लोंबारची प्लेट माझ्या हाती लागली असती तर गळ्याच्या वरच्या जागेवर मी आधी अंगठा ठेवला असता.